हेरांचे काम आणि डॉक्टरची बॅग



व्याख्यानमालेची पत्रिका वाटली गेली त्या दिवशी आमच्या गल्लीतील एका ज्येष्ठांनी मला दवाखान्याच्या पायरीवरच गाठले. म्हणाले, "डॉक्टर, सर्दीपडशावरून एकदम सी.आय.ए.वर?" त्यांचे नवल रास्त होते. बी.एच.एम.एस. होऊन मी चाळीस वर्षे याच बेळगावात गोड गोळ्यांच्या पुड्या बांधतो आहे. परराष्ट्र धोरणाचा मी अभ्यासक नाही. शाळेत असताना वाचनालयातून बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणून पांघरुणात बॅटरी लावून वाचल्या, एवढीच हेरगिरीशी माझी जुनी ओळख. पण पुढे वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. अमेरिकेच्या या संस्थेच्या इतिहासात जागोजागी माझ्या पेशाची माणसे भेटतात. कुठे मनोविकारतज्ज्ञ, कुठे ॲलर्जीचा डॉक्टर, कुठे सर्जन. ती तिथे काय करत होती, हे आज सांगायचे आहे.

आधी एक कबूल करतो. राज्य म्हटले की हेर आलेच. बहिर्जी नाईकांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. शत्रू काय करतो आहे हे ठाऊक नसलेला राजा प्रजेचे रक्षण करू शकत नाही. सी.आय.ए.ची स्थापना १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने झाली, तीही पर्ल हार्बरसारखा घाला पुन्हा बेसावध असताना पडू नये या हेतूने. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबात रशियाची क्षेपणास्त्रे उभी राहत आहेत हे यू-२ विमानांनी काढलेल्या छायाचित्रांतून कळले. ती छायाचित्रे वाचणारे जाणकार नसते, तर अध्यक्ष केनेडी अंधारात चाचपडत राहिले असते. अशा कामाबद्दल माझी तक्रार नाही. १९५३ मध्ये इराणचे आणि १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे सरकार उलथण्यात या संस्थेचा हात होता. त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, मी त्यात शिरत नाही. मला डॉक्टरच्या बॅगेबद्दलच बोलायचे आहे.

ही बॅग हेरांनी वापरण्याची कल्पना अमेरिकेची नाही. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. रा. प. कंगले यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, हे आपणा वाचकांना ठाऊक असेल. त्या ग्रंथात हेरांचे प्रकार मांडले आहेत. तापसाच्या वेषातील हेर आहे, भिक्षुकी आहे, विष देणारा रसद आहे. पाचव्या अधिकरणात राजद्रोही अमात्याचा काटा काढण्याच्या युक्त्या येतात. त्यांत एक अशी आहे: वैद्याच्या वेषातील हेराने त्या अमात्याला असाध्य रोग झाल्याचे पटवावे आणि औषध-पथ्यातून विष द्यावे. मी हे प्रथम वाचले तेव्हा थोडा हसलो होतो. आता हसू येत नाही. कौटिल्याला नेमके ठाऊक होते की माणूस राजापासून सावध असतो, शेजाऱ्यापासून सावध असतो, पण वैद्याने दिलेला घोट न विचारता पितो.

आता १९५३ कडे येतो. कोरियातील युद्धात पकडलेले काही अमेरिकन वैमानिक आपण जंतुयुद्ध केल्याची कबुली देऊ लागले. त्याआधी १९४९ मध्ये हंगेरीत कार्डिनल मिंडसेंटी यांनी खटल्यात यंत्रासारखे उभे राहून गुन्हे कबूल केलेले जगाने पाहिले होते. कम्युनिस्टांना मेंदू धुण्याची काही विद्या सापडली आहे, ही भीती अमेरिकेत पसरली. सी.आय.ए.चे प्रमुख ॲलन डलेस यांनी १० एप्रिल १९५३ रोजी प्रिन्सटनच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण करून शत्रूच्या या मेंदूयुद्धाबद्दल इशारा दिला. आणि तीनच दिवसांनी, १३ एप्रिलला, तसल्याच विद्येचा शोध घेणाऱ्या एका गुप्त प्रकल्पाला त्यांनी मंजुरी दिली. त्याचे नाव एमके-अल्ट्रा. प्रमुख होता सिडनी गॉटलिब नावाचा रसायनशास्त्रज्ञ. पायाने अधू, बोलताना अडखळणारा, शेतावर शेळ्या पाळून राहणारा साधा माणूस.

गॉटलिबला सापडलेले मुख्य साधन म्हणजे एलएसडी. अत्यल्प मात्रेत माणसाच्या मनात उलथापालथ करणारे द्रव्य. ते कशात मिसळले तर चव लागत नाही, कोणाला किती दिले तर काय होते, हे बघायचे ठरले.

इथे माझ्या पंथाची एक गोष्ट सांगायला हवी. होमिओपॅथीत औषधाची परीक्षा निरोगी माणसावर करतात. त्याला प्रूव्हिंग म्हणतात. हानेमानने ऑरगॅननमध्ये त्याचे नियम घालून दिले आहेत, आणि १४१ व्या सूत्रात म्हटले आहे की डॉक्टरने स्वतःवर केलेली परीक्षा सर्वांत उत्तम. होमिओपॅथीच्या गुणावगुणांवर आज वाद घालायचा नाही, तो या गावात बराच घातला गेला आहे. पण परीक्षेची सुरुवात स्वतःच्या जिभेपासून करावी, हा नियम विद्यार्थी असताना मला फार आवडला होता. गॉटलिबबद्दल वाचताना मी त्याच अपेक्षेने पाने उलटत होतो की या माणसाने स्वतः काही घेतले नसणार. तर तसे नव्हते. त्याने एलएसडी स्वतः अनेकदा घेतली होती. त्याच्या सहकाऱ्यांनीही घेतली होती. माझी इतक्या वर्षांची समजूत तिथे डळमळली. स्वतः विष चाखले म्हणून दुसऱ्याला ते न सांगता देण्याचा हक्क येत नाही, हे हानेमानच्या सूत्रात लिहिलेले नाही. ते मला पुढच्या हकिकतीवरून कळले.

१९ नोव्हेंबर १९५३. मेरीलँडमधील डीप क्रीक तलावाजवळ एका बंगल्यात सी.आय.ए. आणि लष्कराचे शास्त्रज्ञ बैठकीसाठी जमले होते. रात्रीच्या जेवणानंतर कॉइंत्रो नावाचे मद्य फिरले. त्यात गॉटलिबच्या सांगण्यावरून एलएसडी घातली होती. ज्यांनी ते घेतले त्यांत फ्रँक ओल्सन हा लष्कराचा जंतुशास्त्रज्ञ होता. मद्य पोटात गेल्यावर थोड्या वेळाने त्यांना ते सांगण्यात आले. ओल्सन घरी गेला तो वेगळाच माणूस होऊन. उदास, घाबरलेला. त्याला उपचारासाठी न्यूयॉर्कला नेले. कोणाकडे? हॅरॉल्ड अब्रॅमसन या डॉक्टरकडे. हे गृहस्थ मनोविकारतज्ज्ञ नव्हते, ॲलर्जीचे डॉक्टर होते. पण त्यांचा एलएसडीशी परिचय होता आणि ते संस्थेच्या विश्वासातले होते. म्हणजे मन मोडलेल्या माणसाला नेताना तो बरा कुठे होईल यापेक्षा गुपित कुठे राहील हे पाहिले गेले. २८ नोव्हेंबरच्या पहाटे ओल्सन न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हॉटेलच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून खाली पडून मरण पावला. खोलीत संस्थेचा एक माणूस सोबतीला होता.

ओल्सनच्या बायकोमुलांना बावीस वर्षे खरे कारण कळले नाही. १९७५ मध्ये रॉकफेलर आयोगाचा अहवाल आला, त्यातील वर्णन वाचून त्यांनी ओळखले की हा आपलाच माणूस. अध्यक्ष फोर्ड यांनी कुटुंबाला व्हाइट हाउसमध्ये बोलावून क्षमा मागितली. पुढे अमेरिकन संसदेने साडेसात लाख डॉलर मंजूर केले. ओल्सनच्या मुलांना मात्र अखेरपर्यंत वाटत राहिले की वडील पडले नाहीत, त्यांना ढकलले. १९९४ मध्ये शव उकरून तपासणीही झाली. त्याचा निकाल सर्वांना पटेल असा लागला नाही.

ओल्सन निदान त्यांच्या वर्तुळातला होता. केंटकीतील लेक्सिंग्टन येथे व्यसनाधीन कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथील डॉक्टर हॅरिस इस्बेल यांनी सात जणांना सलग ७७ दिवस एलएसडी दिली. ज्या व्यसनातून सोडवण्यासाठी हे कैदी तिथे आणले होते, तेच मादक द्रव्य त्यांना प्रयोगात भाग घेतल्याचे बक्षीस म्हणून मिळे. याला संमती म्हणायचे का, हे आपणच ठरवा.

आता माँट्रियलला जाऊ, कारण माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा सर्वांत दुःखद भाग तिथे आहे. मॅकगिल विद्यापीठाच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते डॉ. युएन कॅमेरॉन. हा कोणी भोंदू नव्हता. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, आणि जागतिक संघटना निघाली तेव्हा तिचेही ते पहिले अध्यक्ष झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी नेता रुडॉल्फ हेस याची मानसिक तपासणी करणाऱ्या डॉक्टरांत ते होते. त्याच न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला आणि १९४७ मध्ये माणसांवरील प्रयोगांचे दहा नियम निकालपत्रात आले. पहिलाच नियम असा की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वखुशीची संमती हवीच हवी.

कॅमेरॉनकडे येणारे रोगी हेर नव्हते, कैदीही नव्हते. चिंतेने झोप न लागणारे, बाळंतपणानंतर मन खचलेल्या बायका, असे तुमच्या-माझ्या घरातले लोक. त्यांना ते औषधांनी आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. नेहमीपेक्षा किती तरी अधिक तीव्रतेचे विजेचे झटके देत. मग उशाशी ध्वनिफीत लावून एकच वाक्य तासन्‌तास, दिवसेंदिवस ऐकवत. जुन्या सवयी पुसून नव्या लिहायच्या, अशी त्यामागची कल्पना होती. काही रोगी स्वतःच्या मुलांना ओळखेनासे झाले. काहींना शौचाचे भान राहिले नाही. १९५७ पासून या कामाला एका मानवी परिस्थितीविज्ञानाच्या संशोधन संस्थेतून पैसा मिळू लागला. ती संस्था सी.आय.ए.ने उभी केलेली आडपडद्याची संस्था होती. पैसा खरोखर कोणाचा हे कॅमेरॉनना ठाऊक होते की नाही, यावर आजही वाद आहे. मला तो वाद दुय्यम वाटतो. रोग्यांना ठाऊक नव्हते, एवढे निश्चित.

कॅनडाच्या संसदेचे सदस्य डेव्हिड ऑर्लिको यांच्या पत्नी व्हॅल या त्यांच्या रोगी होत्या. बाळंतपणानंतरच्या औदासीन्यासाठी त्या गेल्या आणि त्यांना एलएसडी देण्यात आली. आपण बरे होत नाही हा आपलाच दोष, असे त्यांना कित्येक वर्षे वाटत होते. १९७७ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा कळले की तो उपचार कोणाच्या पैशाने चालला होता. त्यांनी आणि इतर आठ जणांनी अमेरिकेत दावा लावला. १९८८ मध्ये सी.आय.ए.ने साडेसात लाख डॉलर देऊन तो मिटवला. १९९२ मध्ये कॅनडाच्या सरकारने ७७ जुन्या रोग्यांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले. कॅमेरॉन त्याआधीच, १९६७ मध्ये, डोंगर चढताना वारले होते. त्यांना कोणी काही विचारले नाही.

हे सारे बाहेर कसे आले, हेही सांगण्यासारखे आहे. १९७३ मध्ये प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमाने एमके-अल्ट्राचे दप्तर नष्ट करण्यात आले. पण हिशेबाचे कागद निराळ्या जागी ठेवलेले असतात, हे जाळणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. माहितीच्या कायद्याखाली अर्ज झाला आणि १९७७ मध्ये ती खोकी सापडली. आपल्याकडे कोणत्याही सहकारी सोसायटीत काम केलेल्याला हे पटेल: ठराव गहाळ होतात, पण व्हाउचर राहतात. त्या हिशेबांतून सिनेटपुढे आकडे आले. १४९ उपप्रकल्प. त्यांत ४४ महाविद्यालये व विद्यापीठे, १५ संशोधन संस्था किंवा औषध कंपन्या, १२ रुग्णालये आणि ३ तुरुंग. संस्थेच्याच महानिरीक्षकाने १९६३ मध्ये अंतर्गत अहवालात नोंदवले होते की वैद्यकातील अनेक जाणकारांना असे संशोधन पेशाच्या नीतीला सोडून वाटते, त्यामुळे त्यात भाग घेणाऱ्यांची अब्रू कधीकधी धोक्यात येते. रोग्याच्या जिवाच्या आधी डॉक्टरच्या अब्रूची काळजी लिहून ठेवणारा तो कागद मला विसरता येत नाही.

मात्र एक दाद दिली पाहिजे. हे कागद अमेरिकेच्याच लोकांनी, त्यांच्याच वृत्तपत्रांनी, सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने उजेडात आणले. त्याच समितीपुढे हेही आले की १९६० मध्ये काँगोच्या पॅट्रिस लुमुंबांसाठी विष घेऊन हाच गॉटलिब आफ्रिकेत गेला होता. ते वापरले गेले नाही, लुमुंबांना पुढे दुसऱ्यांनी मारले. आपल्याकडे रॉ आणि आय.बी. या संस्था माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन एवढे आरोप वगळता त्यांच्या दप्तराचा दरवाजा बंद आहे. तेव्हा दुसऱ्याच्या घरातील घाण बघताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

चर्च समितीनंतर काही नियम झाले. फेब्रुवारी १९७६ मध्ये संस्थेने जाहीर केले की यापुढे अमेरिकन पत्रकारांशी पैशाचा गुप्त करार होणार नाही, धर्मोपदेशकांशी आणि मिशनऱ्यांशीही होणार नाही. परदेशांत शाळा-दवाखान्यांतून काम करणाऱ्या पीस कोअरच्या स्वयंसेवकांना तर केनेडींच्या काळापासूनच हेरगिरीपासून दूर ठेवले होते. यामागची दृष्टी शहाणपणाची होती. ही माणसे परक्या दारात उभी राहतात ती विश्वासावर. एक जण हेर निघाला की बाकीच्या हजारांवर दार बंद होते. पण मित्रहो, त्या यादीत डॉक्टर नव्हता. तो राहून गेला की ठेवला गेला, मी सांगू शकत नाही.

२००१ नंतर तो पुन्हा दिसू लागला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पकडलेल्या संशयितांच्या चौकशीचे तंत्र दोन मानसशास्त्रज्ञांनी, मिचेल आणि जेसन यांनी, आखून दिले. त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. अबू झुबैदाला ऑगस्ट २००२ मध्ये किमान ८३ वेळा पाण्यात गुदमरवण्यात आले, आणि अशा ठिकाणी संस्थेचे वैद्यकीय कर्मचारी हजर असत. नाडी पाहायला. सिनेटचा डिसेंबर २०१४ चा अहवाल मी पाने चाळत वाचला. पूर्ण वाचवला नाही.

आता ॲबटाबाद. ही कथा आपल्या जास्त जवळची आहे.

२०११ च्या सुरुवातीला सी.आय.ए.ला संशय होता की पाकिस्तानातील ॲबटाबादच्या एका उंच भिंतींच्या घरात ओसामा बिन लादेन आहे. खात्री करण्यासाठी घरातील मुलांचे रक्त मिळाले तर डीएनए जुळवता येणार होते. त्यासाठी डॉ. शकील आफ्रिदी या सर्जनला हाताशी धरले. हेपटायटिस बी ची मोफत लस देण्याची मोहीम काढली. शंका येऊ नये म्हणून ती मार्चमध्ये नवा शेहर या गरीब वस्तीत सुरू झाली. डॉक्टर मंडळींना ठाऊक आहे, ही लस तीन वेळा द्यावी लागते. पहिली मात्रा दिली आणि महिन्याने दुसरी द्यायला कोणी आले नाही. मोहीम उचलून बिलाल टाउनमध्ये, त्या घराच्या बाजूला, नेली. त्यातून हाती काही लागले नाही असेच वृत्त आले. २ मे रोजी बिन लादेन मारला गेला. जुलैमध्ये ब्रिटनच्या गार्डियन पत्राने लसीचे बिंग फोडले.

नवा शेहरमधल्या त्या मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. बिन लादेनच्या घराशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांच्या आयांनी दंड पुढे केले, कारण डॉक्टर आले होते.

पुढचे सर्वांना माहीत आहे. पाकिस्तानात पोलिओचे थेंब म्हणजे अमेरिकेची हेरगिरी, असे सांगणारे पूर्वीही होते. तोवर ती अफवा होती. आता तिला पुरावा मिळाला. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानच्या हाफिज गुल बहादूर या तालिबानी म्होरक्याने ड्रोनहल्ले थांबेपर्यंत पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. डिसेंबर २०१२ मध्ये काही दिवसांत नऊ पोलिओ कर्मचाऱ्यांना गोळ्या घालून मारले. त्यांत बहुतेक बायका होत्या. २०१२ मध्ये पाकिस्तानात पोलिओचे ५८ रुग्ण होते, २०१४ मध्ये ३०६ झाले. सगळे खापर या एका कृत्यावर फोडता येणार नाही, युद्ध होते, स्थलांतर होते, बंदी होती. तरी पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार आकडे तपासले. बिंग फुटल्यानंतर, कट्टर धार्मिक पक्षांना जास्त मते मिळणाऱ्या जिल्ह्यांत लसीकरणाचे प्रमाण इतर जिल्ह्यांच्या तुलनेत २३ ते ३९ टक्क्यांनी घसरले, असे त्यांना आढळले. आणि घसरण केवळ पोलिओची नव्हती. इतर लसींचीही होती.

हे वाचताना मला आमचे पल्स पोलिओचे दिवस आठवतात. १९९५ साली देशभर मोहीम सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीच्या बूथवर मी स्वयंसेवक होतो. आमच्या पंथातील काही मंडळी लसीला नाके मुरडतात, मी त्यांतला नाही. पलीकडच्या वस्तीतील तीन-चार घरे मुले आणीनात. थेंबांनी पुढे पोरे होत नाहीत, अशी कुजबुज होती. त्यांतल्या एका घरची आजी माझ्याकडे औषधाला येई. ती म्हणाली, "डाक्तर, तुमच्या पोरीला पाजलंय काय?" मी घरी जाऊन दोन वर्षांच्या मुलीला उचलून आणले आणि त्या आजीच्या अंगणात तिच्या तोंडात थेंब घातले. त्या घरची तीनही पोरे मग आली. मी काही पराक्रम केला नाही, त्या काळी अनेकांनी हेच केले. आपल्या देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्याचा. मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ॲबटाबादची मोहीम आणि आपला शेवटचा रुग्ण यांत दोन महिन्यांचेच अंतर आहे. तसले काही आपल्याकडे चार वर्षे आधी घडले असते तर त्या आजीला मी काय सांगितले असते?

यावर एक प्रश्न नेहमी येतो. आमच्या वाचक-गटात एका तरुण मित्राने तो विचारला होता. बिन लादेनने जवळजवळ तीन हजार माणसे मारली, त्याला शोधण्यासाठी एक खोटी लसमोहीम काढली तर एवढे काय बिघडले? प्रश्न हलका नाही. देशाचे रक्षण हे पुण्यकर्म आहे आणि हेराला खोटे बोलावेच लागते. हेराने व्यापारी म्हणून, प्रवासी म्हणून खोटे बोलावे, मी हरकत घेणार नाही. त्या खोट्याची किंमत बहुधा तो हेर आणि ज्याला फसवले तो माणूस मोजतो. लसीच्या खोट्याची किंमत मात्र तिसऱ्यानेच मोजली, पेशावर-कराचीत थेंबांचा डबा घेऊन फिरणाऱ्या, दिवसाला चार पैसे मिळवणाऱ्या बाईने. ज्या विश्वासावर तिला दार उघडत होते तो आफ्रिदीचा नव्हता आणि सी.आय.ए.चाही नव्हता. तो खर्च करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला?

अमेरिकेतही हे जाणणारे होते. जानेवारी २०१३ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्याच्या बारा विद्यालयांच्या अधिष्ठात्यांनी अध्यक्ष ओबामांना पत्र लिहून निषेध केला. मे २०१४ मध्ये व्हाइट हाउसच्या लिसा मोनॅको यांनी उत्तर दिले की संस्थेच्या प्रमुखांनी ऑगस्ट २०१३ पासून लसीकरणाच्या मोहिमांचा, त्यांतील कर्मचाऱ्यांचा आणि त्यांतून मिळणाऱ्या डीएनएचा वापर बंद केला आहे. चांगले झाले. पण हा प्रमुखाचा हुकूम आहे, कायदा नव्हे. आणि तो लसीपुरता आहे. दातांचा दवाखाना, डोळ्यांचे शिबिर, बाळंतिणीची तपासणी यांबद्दल त्यात शब्द नाही. आफ्रिदी २०११ पासून तुरुंगात आहे. त्याला शिक्षा झाली ती लसीबद्दल नव्हे, एका अतिरेकी गटाशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून. मुलांना अर्धवट लस दिली, या गुन्ह्याचा खटला कुठेच चालला नाही.

गॉटलिबचे पुढे काय झाले, असे काहींच्या मनात असेल. १९७३ मध्ये तो निवृत्त झाला. त्याची पत्नी मार्गारेट मिशनरी आईबापांची मुलगी, जन्माने भारतातली. ती दोघे भारतात आली आणि कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात त्यांनी दीड वर्ष सेवा केली, असे त्याच्या मृत्युलेखांत आहे. अमेरिकेत परतून तो अडखळत बोलणाऱ्या मुलांवर उपचार करायला शिकला. हे वाचून मला काय वाटावे ते कळेना. आम्हा जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिली आलोचना, म्हणजे गुरूपुढे जाऊन आपला दोष जसाच्या तसा सांगणे. तप, परिहार वगैरे त्यानंतर येतात. गॉटलिबने सेवा केली, ती खरीच असेल. पण सिनेटपुढे त्याने संरक्षण मागून साक्ष दिली आणि बरेचसे आठवत नाही म्हणाला. १९९९ मध्ये तो वारला. कुणाकुणाला काय पाजले, ती यादी त्याच्याबरोबर गेली.

इतके दुसऱ्यांबद्दल बोललो, आता माझे सांगतो. आमच्याकडे सॅक लॅक नावाच्या पुड्या असतात. दुधाची साखर, दुसरे काही नाही. औषधाची एक मात्रा देऊन तिचे काम होऊ द्यायचे असते, पण रोग्याला रोज काहीतरी घेतल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून या पुड्या द्यायच्या. प्रत्येक होमिओपॅथ देतो आणि सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षिकेला मी दोन महिने अशा पुड्या दिल्या. तिचा नातू फार्मसी शिकत होता, त्याने तिला समजावले. ती दवाखान्यात आली. ओरडली नाही. म्हणाली, "डॉक्टर, मला सांगितलं असतंत तर मी घेतल्याच असत्या की. तुम्ही मला विचारलंच नाहीत." आणि गुडघ्याच्या दुखण्यासाठी दुसरीकडे जाऊ लागली. साखरेची पुडी आणि माँट्रियलची ती खोली यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळते. पण ज्या शेल्फवर त्या बाटल्या ठेवलेल्या होत्या तिकडे त्या दिवशी मी बराच वेळ बघत बसलो.

हल्ली मी सांगून देतो. "या पंधरा दिवसांत औषध नाही, नुसती साखर आहे, हवी तर घ्या." बरेच जण हसतात आणि घेतात. काही जण पैसे कमी करा म्हणतात. ते मी करतो.